क्रेडिट नोट नको, पैसे द्या
(ग्राहकाची बाजू : लेखांक ११)

गेल्या आठवड्यात सहल आपणच रद्द केली तर काय होतं, ते पाहिलं. या वेळी उलट प्रकार : पैसे भरले, व्हिसा झाला आणि कंपनीनेच सहल रद्द केली.

बेंगळुरूतली बरीच मराठी घरं परदेशवारीसाठी मुंबई-पुण्याच्या कंपन्या निवडतात. मॅनेजर मराठी बोलतो, पॅरिसमध्ये वरणभात मिळतो. सहल रद्द झाली की याच आपुलकीने फोन येतो : ‘पैसे कुठे जात नाहीत काका, क्रेडिट नोट देतो, पुढच्या मे महिन्यात वापरा.’ काका हो म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. लेखी होकार गेला की पुढे पैसे मागताना आपली बाजू लंगडी पडते.

विमान तिकिटांबाबत नियम स्वच्छ आहे. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं, विमान कंपनीने परस्पर नाही, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय सांगतं. कोविडमध्ये हे धाब्यावर बसवलं गेलं आणि ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२०च्या निकालाने क्रेडिट शेलला वाट दिली, पण लॉकडाऊनपूर्वीच्या तिकिटांसाठी आणि आर्थिक अडचणीतल्या भारतीय कंपन्यांनाच. त्यावर आधी दरमहा अर्धा आणि जुलै २०२०पासून पाऊण टक्का वाढ द्यायची, आणि ३१ मार्च २०२१पर्यंत ते वापरलं गेलं नाही तर रोख रक्कम परत करायची. अपवादाचा शेवटही रोखीतच होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तरी पैसे आपोआप आले नाहीत. ‘यात्रा’ या प्रवास-बुकिंगच्या संकेतस्थळाकडे २०२१मध्ये ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींहून अधिक रुपये अडकले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण मागे लागलं, तरी जून २०२४मध्ये ४,८३७ बुकिंगचे सुमारे अडीच कोटी बाकीच होते.

सहलीचं पॅकेज मात्र गुंतागुंतीचं. त्यात विमान, हॉटेल, व्हिसा, बस सगळं एका आकड्यात बांधलेलं असतं. ‘परदेशातला हॉटेलवाला पैसे सोडत नाही’ हे उत्तर ठरलेलं. तेव्हा प्रत्येक खर्चाची फोड लेखी मागा आणि हॉटेलने नकार दिल्याचं पत्रही मागा. व्हिसाचं शुल्क सहसा गेलंच समजा, पण न केलेल्या प्रवासाचं बसभाडं कोणत्या हिशोबाने कापलं, हे कंपनीनेच सांगायला हवं. सेवेतल्या त्रुटीनंतर पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदतच नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

करारात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ‘वाद मुंबईच्या न्यायालयांतच.’ ते वाचून बेंगळुरूकर गार पडतो. पण याच कायद्याचं कलम ३४ ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाऊ देतं. म्हणजे कंपनी दादरची असली तरी तक्रार शांतिनगरच्या बीएमटीसी इमारतीतल्या आयोगात चालू शकते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा.

परतीचं विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणार असेल आणि ते रद्द झालं, तर तिथला कायदा भारतीय प्रवाशालाही लागू होतो : पैसे सात दिवसांत, व्हाउचर फक्त सहीनिशी संमती दिली तर. विमानतळाच्या काउंटरवर घाईत पुढे केलेल्या कागदावर म्हणूनच वाचल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक रक्कम लोक विसरतात. परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे स्रोतावर गोळा केला जाणारा कर, आपल्याकडून घेऊन सरकारजमा करते. परतावा मोजताना ती धरली आहे का ते विचारा. कंपनीने परत केली नसेल आणि तुमच्या पॅनवर फॉर्म २६एएसमध्ये दिसत असेल, तर ती आयकर विवरणपत्रात मागता येते.