रक्तातला पुरावा ताशी १५ मिलिग्रॅमने पुसला जातो

अकबराचा धाकटा मुलगा दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरात दारूने मेला. तिशी नुकतीच उलटली होती. बापाने पहारे बसवले होते, दारू आत जाऊ द्यायची नाही असा सक्त हुकूम होता. तरी हुजऱ्याने ती बंदुकीच्या नळीत भरून आत पोचवली. नळीतला गंज आणि बंदुकीची जळकी दारू त्या अर्कात उतरली. थोरला भाऊ जहांगीर याने ही हकीकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. पुढे १६२६ साली जहांगीरचा मुलगा परवेझ याच शहरात अतिमद्यपानाने गेला. दख्खनच्या या दरवाजावर मोगलांनी दोन शहजादे लढाईत नव्हे, दारूत गमावले.

पण त्या दोघांनी जीव घालवला तो स्वतःचा. आज पिणाऱ्याच्या हाती स्टिअरिंग असते, आणि त्याची किंमत बहुधा समोरून येणारा मोजतो. इंदूरहून खंडवा, असीरगडचा घाट, बुऱ्हाणपूर, शहापूर, इच्छापूर आणि पुढे मुक्ताईनगर असा हा रस्ता. त्यावर केळीचे ट्रक, कापडाच्या गाठी, पाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला पॉवरलूमचा कामगार, मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, ओंकारेश्वरला किंवा इच्छादेवीला निघालेली खानदेशातली कुटुंबे, सगळे एकाच डांबरावर असतात. गाडीची पाटी एमपी ६८ असो की एमएच १९, या सगळ्यांना लागू होणारा कायदा एकच आहे. आणि त्या कायद्याचा कणा एका साध्या जीवरसायनावर उभा आहे. ते रसायन नीट समजले नाही, तर अपघातात मेलेल्या माणसाला न्याय मिळणे अवघड होते. हा लेख त्याबद्दल आहे.

दारूतला इथेनॉल पचवावा लागत नाही. तो जठरातून थोडा आणि लहान आतड्यातून झपाट्याने थेट रक्तात जातो, आणि रक्तातून काही मिनिटांत मेंदूत. मेंदूत ‘थांब’ म्हणणारी गाबा ही यंत्रणा तो बळकट करतो आणि ‘चल’ म्हणणारी ग्लुटामेटची यंत्रणा दाबतो. सर्वांत आधी परिणाम होतो तो कपाळामागच्या भागावर, जिथे माणूस धोका जोखतो आणि स्वतःला आवरतो. त्यानंतर लहान मेंदू, म्हणजे तोल आणि हातापायांचा मेळ. हा क्रम फार घातक आहे. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी ‘मला काही चढलेली नाही’ असे सांगणारा निवाडाच बिघडलेला असतो. म्हणून पिणाऱ्याला ‘तू गाडी चालवू शकशील का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ज्या अवयवाने उत्तर द्यायचे तोच कामातून गेलेला आहे.

असीरगडच्या वळणावर समोरच्या ट्रकचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला, की शुद्धीतल्या चालकालाही क्षणभर काही दिसत नाही. दारू प्यायलेल्याच्या डोळ्यांना सावरायला आणखी वेळ लागतो, हलणाऱ्या वस्तूमागे नजर सलग फिरत नाही, आणि एकाच वेळी कडा, आरसा व समोरचे वाहन यांच्याकडे लक्ष देणे जमत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक जाते. ब्रेकवर पाय पडायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी आठ मीटर जास्त पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी ते आठ मीटर म्हणजे आयुष्य.

आता हिशेब. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले की गुन्हा होतो. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, जर्मनीत ५०; आपली कडक आहे आणि ती योग्यच आहे. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रक्तातल्या अल्कोहोलचे गणित बसवून दिले. ते असे: प्यायलेल्या अल्कोहोलचे ग्रॅम भागिले शरीराचे वजन आणि एक गुणक यांचा गुणाकार. हा गुणक पुरुषांसाठी साधारण ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरतात, कारण स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात रिकाम्या पोटी हे प्रमाण ४० च्या वर जाऊ शकते. एका पेगने मर्यादा ओलांडली! १८० मिलिलिटरच्या क्वार्टरला हाच आकडा १३० च्या आसपास जातो. ‘दोन पेगने काय होतंय’ हे वाक्य लग्नाच्या मांडवामागे ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चढते कशी ते पाहिले, पण उतरते कशी हे त्याहून महत्त्वाचे. बहुतेक पदार्थ शरीरात जास्त असले की जास्त वेगाने बाहेर टाकले जातात. अल्कोहोलचे तसे नाही. यकृतातले अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर लवकर आपल्या क्षमतेच्या टोकाला पोचते आणि मग एकाच संथ गतीने काम करत राहते. १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी तासाला १५ मिलिग्रॅम. लिंबू, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. वेलची चघळल्याने तोंडाचा वास बदलतो; फुप्फुसातली हवा बदलत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे चारला, चार तास झोप काढल्यावरही, ५० हून जास्त अल्कोहोल शिल्लक राहू शकते. तो केळीचा ट्रक काढतो तेव्हा त्याला खरोखरच वाटते की रात्रीची कधीच उतरली.

आणि नेमकी हीच १५ मिलिग्रॅमची गती गुन्ह्याचा पुरावाही नष्ट करते. चाकूवरचे रक्त दुसऱ्या दिवशीही सापडते. दारूचे तसे नाही, आरोपी नुसता बसून राहिला तरी त्याचे यकृत त्याच्या बाजूने काम करत असते.

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमाराला भरधाव पोर्शने दुचाकीला उडवले. २४ वर्षांचे दोन अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, मारले गेले. दोघेही मध्य प्रदेशातले. नोकरीसाठी पुण्यात आलेले. गाडी चालवणारा अठरा वर्षांचाही नव्हता. बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला, त्यावर देशभर संताप उसळला, ते सगळ्यांना आठवत असेल. पण विज्ञानाच्या दृष्टीने मोठी गोष्ट निबंधाची नव्हती. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार ससून रुग्णालयात त्याचे रक्त घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमाराला. साडेआठ तास. ताशी १५ च्या गतीने या वेळात १०० मिलिलिटर रक्तामागे सव्वाशेहून अधिक मिलिग्रॅम अल्कोहोल निघून जाऊ शकते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट. कोणी काहीच गैर केले नसते तरीही एवढ्या उशिराच्या नमुन्यातून फार काही हाती लागले नसते. त्यात तो नमुनाच बदलला गेल्याचा पोलिसांचा आरोप आहे. नंतर घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी त्याचा डीएनए जुळला नाही आणि डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे, दोष ठरवणे न्यायालयाचे काम. पण बुऱ्हाणपूरच्या आईबापांनी यातून जाणून घ्यावे असे एक आहे: शहाण्यासुरत्या शहरात, मोठ्या रुग्णालयात हे घडल्याचा आरोप होतो, मग आडरस्त्यावरच्या अपघातात घड्याळाकडे कोण पाहते?

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाचे रक्त वेळेत तपासले गेले आणि त्यात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे केली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन गर्दीच्या वस्तीत भरधाव जाणाऱ्याला माणसे मरू शकतात याची जाणीव असते, असे मानले गेले. सात जिवांना तीन वर्षे ही शिक्षा मला तोकडी वाटते. पण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत प्रकरण पोचण्यात त्या नमुन्याचा वाटा मोठा होता.

कायदा आज काय म्हणतो? नुसते पिऊन चालवताना सापडलात तर पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षे किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. माणूस मेला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होते. कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद, पूर्वी ती दोनच वर्षे होती. परिणामाची जाणीव होती असे सिद्ध झाले तर कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. योग्य कारण नसेल तर तो नकारच न्यायालयात विरोधात धरता येतो.

तुरुंगापेक्षा लांब पोचणारी गोष्ट भरपाईची. समजा, २८ वर्षांचा पॉवरलूम कामगार गेला, महिन्याची कमाई १५,००० रुपये, मागे चार माणसे. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सूत्राने वर्षाच्या १,८०,००० मध्ये भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथाई वजा करायची आणि १७ ने गुणायचे. रक्कम ३२ लाखांच्या पुढे जाते. विमा कंपनी वारसांना पैसे देते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन चालवणे हा पॉलिसीच्या अटीचा भंग म्हणून तिला मांडता येतो, आणि न्यायालयाने वसुलीची मुभा दिली की तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल होऊ शकते. केळीचे दोन एकर त्यात जायला वेळ लागत नाही.

सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखालच्या वाहनचालनाच्या खात्यात ४,२०१. अडीच टक्के. हा आकडा खरा मानू नये असे मला वाटते. ज्या चालकाचे रक्त घेतलेच नाही, उशिरा घेतले किंवा जो पळून गेला, त्याचा अपघात ‘अतिवेग’ या रकान्यात जातो. मोजलेच नाही तर दारू दिसणार कुठून?

मोजण्याची साधने जुनी आणि भरवशाची आहेत. रॉबर्ट बोर्केनस्टीन याने १९५४ साली श्वासातून अल्कोहोल मोजणारे सुटसुटीत यंत्र बनवले. फुप्फुसाच्या खोल हवेतल्या अल्कोहोलच्या साधारण २१०० पट ते रक्तात असते, हे त्यामागचे गणित. त्यानेच पुढे ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो चालकांचा अभ्यास करून दाखवले की रक्तातले प्रमाण १५० झाले की अपघाताची शक्यता शुद्धीतल्या चालकाच्या सुमारे २५ पट होते. रक्ताची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते, आणि तिथे हातचलाखीपेक्षा हलगर्जीला जास्त वाव आहे. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली की नमुना वादात सापडतो. नळीत सोडियम फ्लोराइड नसेल तर मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा बुऱ्हाणपुरात पारा ४० च्या वर असतो, जंतू रक्तातली साखर आंबवून अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेले खाऊन टाकू शकतात. नमुना तसाच इंदूरच्या किंवा सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या वाटेवर दिवसेंदिवस राहिला, तर बचावाच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. वांद्र्यातल्याच २००२ च्या, एका अभिनेत्यावरच्या गाजलेल्या खटल्यात २०१५ साली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडताना रक्ताचा नमुना कसा हाताळला गेला यावरही बोट ठेवले होते.

म्हणून अपघात झाला तर आधी १०८ ला फोन करून जखमीला हलवा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे, आणि मे २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीवर सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार होऊ शकतात. मग, शुद्धीत असलेल्या कोणीतरी एकाने ठाण्यात आणि रुग्णालयात चार गोष्टी विचाराव्यात. चालकाला श्वासाच्या यंत्रात फुंकायला लावले का? रक्त किती वाजता घेतले? ती वेळ एमएलसीच्या, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीच्या कागदावर लिहिली का? नळी सीलबंद होऊन कोणाच्या ताब्यात गेली? कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर आरोपीला सोडावे लागते. हे त्याच कायद्याच्या कलम २०२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. विचारायला संकोच करू नका, आणि उत्तर लेखी मागा.