रस्त्याचा फायदा मोजायचा कसा?

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातलं गाव. अशा गावातून जाणारा रस्ता रुंद झाला की दवाखाना, कॉलेज, कापसाचा बाजार जवळ येतो, हे कुणीही सांगेल. संशोधकाचा प्रश्न पुढचा: गावात दिसणारा बदल रस्त्यामुळेच झाला का? नुसती 'आधी-नंतर' तुलना केली, तर चांगला पाऊस आणि कापसाचा वाढलेला भावही रस्त्याच्या खात्यात जमा होतो.

ॲशर आणि नोवोसाद यांनी २०२० च्या अभ्यासात यावर छान मार्ग काढला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ५०० आणि १००० लोकसंख्येचे निकष होते. निकषाच्या किंचित वरची आणि किंचित खालची गावं जवळपास सारखीच. रस्ता मिळण्याची शक्यता तेवढी वेगळी. म्हणून त्यांची तुलना चालते. निष्कर्ष? लोक शेतीबाहेरच्या कामांकडे वळले. पण शेती, उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक दिसला नाही.

महामार्गाला असा लोकसंख्येचा निकष नसतो. मग तशीच जमीन, तेवढाच पाऊस, पण रस्ता जुनाच, असं गाव तुलनेला घ्या. आणि दोन्हीकडची माहिती काम सुरू होण्याआधीच गोळा करा. नंतर ती मिळत नाही.