लोहगावची लाइटनिंग, लास वेगासची वारी!

पुण्यातून तुमचं दिल्लीचं विमान ज्या धावपट्टीवरून उडतं, तिच्यावरूनच सुखोईही झेपावतं, माहीत आहे का? लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा. प्रवासी विमानं तिथली पाहुणी! तेव्हा खिडकीतून राखाडी, दोन शेपट्यांचं धूड दिसलं, तर फोन बाजूला ठेवा आणि डोळे भरून बघा.

भारतात सुखोई-३० पहिल्यांदा दाखल झालं तेही इथेच, १९९७ मध्ये. सुधारित एमकेआय आवृत्तीही २७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगावातच सेवेत आली. पहिला मान मिळाला २० स्क्वाड्रनला. तिचं टोपणनाव ‘लाइटनिंग्ज’. ही वीज बिलाशिवाय कडाडते!

याच २० स्क्वाड्रननं १९८०च्या दशकात ‘थंडरबोल्ट्स’ नावाची कसरतींची टीम चालवली होती, माहीत आहे का? एका वेळी नऊ हंटर विमानं, पंखाला पंख भिडवून.

आता एक भन्नाट योगायोग. राष्ट्रपती अब्दुल कलाम ८ जून २००६ रोजी लोहगावहून सुखोईत बसले, वय ७४. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील २५ नोव्हेंबर २००९ रोजी लोहगावहूनच सुखोईत बसल्या, वय पुन्हा ७४! जळगावची लेक जी-सूट चढवून कॉकपिटमध्ये शिरते, हा क्षण आठवला की आजही छाती फुगते.

जी-सूटमधला ‘जी’ म्हणजे आदरार्थी ‘जी’ नव्हे. हा ‘जी’ गुरुत्वाकर्षणाचा, आणि तो अंगावर बसतो, अक्षरशः. जोरदार वळण घेताना ९ जीचा दाब आला, की ७० किलोच्या माणसाचं शरीर ६३० किलोचं होतं, म्हणजे अख्खी म्हैस मांडीवर! रक्त मेंदूकडून पायाकडे पळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी सूट हवेनं फुगून मांड्या आणि पोट आवळतो. पायलटही स्नायू ताणून, श्वास रोखून-सोडून रक्त वर राखतो. आणि हे सगळं करताना मान वळवून शत्रू शोधायचा!

इथवर पोचायचा रस्ताही लांबलचक. कुणी खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं घाम गाळून येतो, कुणी पदवीनंतर थेट दाखल होतो. पुढे हैदराबादजवळच्या दुंडिगलला पिलाटस, मग जेट, मग बीदरला हॉक. स्क्वाड्रनमध्ये पोचल्यावर तरी सुटका? छे! तिथे नवा पायलट पुन्हा विद्यार्थीच. आधी दिवसा, मग रात्री, मग हवेतल्या हवेत इंधन भरणं. एकेक पायरी पास झाली, की तो ‘ऑप्स’, म्हणजे मोहिमेवर पाठवण्याजोगा.

आणि मग येतो पासपोर्टवरचा शिक्का. ऑगस्ट २००८. आठ सुखोई विमानं अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातल्या नेलिस तळावर. शेजारी कोणतं शहर, माहीत आहे का? लास वेगास! पण आपली मंडळी जुगारासाठी नव्हे, ‘रेड फ्लॅग’साठी गेली होती. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हवाई सरावांपैकी हा एक.

रेड फ्लॅग सुरू का झाला, हे तर फारच रंजक आहे. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेच्या लक्षात आलं, की ज्या पायलटनं पहिल्या दहा मोहिमा निभावून नेल्या, त्याची पुढे जगण्याची शक्यता एकदम वाढते. मग त्या पहिल्या दहा मोहिमा सरावातच का देऊ नयेत? १९७५ मध्ये हा सराव सुरू झाला. वाळवंटात खोटे तळ, खोटी रडारं, खोटी क्षेपणास्त्रं आणि चुका मात्र खऱ्या. त्या इथेच करून घ्यायच्या!

इथला ‘शत्रू’ही अस्सल नाटकी. अमेरिकेची ‘अग्रेसर’ स्क्वाड्रन आपल्या एफ-१६ विमानांना रशियन वळणाचे रंग फासते आणि रशियन डावपेच खेळते. अशा तळावर खरीखुरी रशियन घराण्यातली सुखोई उतरली, तेव्हा काय धमाल उडाली असेल!

सुखोईच्या इंजिनाच्या तोंडात जाळी असते, माहीत आहे का? जमिनीवर असताना ती वर येते. धावपट्टीवरचा खडा, खिळा, काहीही आत जायला नको. हवेत गेलं, की जाळी बाजूला.

आता कळीचा प्रश्न. सुखोईचा पल्ला सुमारे ३,००० किलोमीटर. मग अमेरिका कशी गाठायची? उत्तर: आयएल-७८. हा उडता पेट्रोल पंप! त्याच्या पंखाखालून लांब नळी सुटते, टोकाला जाळीदार टोपली. सुखोई नाकाशेजारची नळी बाहेर काढतं आणि वाऱ्यात हेलकावणाऱ्या त्या टोपलीत बरोब्बर घुसवतं. समुद्रावर, ढगांत, कधी काळोखात. आपल्याकडे म्हणतात तेल गेलं, तूप गेलं. इथे तेल गेलं तर विमानच गेलं! अमेरिकी हवाई दलाची नेहमीची पद्धत वेगळी. टँकरमधला माणूस ताठ दांडा खालच्या विमानात खुपसतो. म्हणून आपला टँकर सोबत हवाच.

बरं, इतक्या तासांच्या प्रवासात टॉयलेट? नाही. खास पिशवी असते. पुढचा प्रश्न!

काळोखावरून आठवलं. ऑस्ट्रेलियातल्या सरावाचं नावच ‘पिच ब्लॅक’. तिथल्या उत्तर भागात मैलोन् मैल वस्ती नाही, दिवे नाहीत. रात्रीच्या उड्डाणांना याहून झकास जागा कुठली? २०१८ मध्ये आपली चार सुखोई पहिल्यांदा डार्विनला गेली. डार्विनकर तर या दिवसांत मिंडिल बीचवर गर्दी करून विमानांचा ताफा बघतात. चौपाटीवर सुखोई! मुंबईकरांनो, हेवा वाटला ना?

२०१५ मध्ये ब्रिटनच्या कॉनिंग्सबी तळावर ‘इंद्रधनुष’ सराव रंगला. सुखोई विरुद्ध ब्रिटिशांचं टायफून. भारतीय बाजूनं १२-० असा स्कोअर सांगितला, ब्रिटिशांनी तो मानला नाही. हेडलाइनला मसाला मिळाला, पण असल्या स्कोअरवर उड्या मारू नयेत असं मला ठाम वाटतं. सराव म्हणजे वर्ल्ड कप नव्हे. खरी कमाई उतरल्यावरच्या डीब्रीफमध्ये होते. तिथे हुद्दा दाराबाहेर ठेवून प्रत्येक चूक सेकंदासेकंदानं उकलली जाते. उड्डाण तासा-दीड तासाचं, चिरफाड कित्येक तासांची!

जानेवारी २०२३, जपानचा हयाकुरी तळ, ‘वीर गार्डियन’. परदेशातल्या सरावात लढाऊ विमान घेऊन उतरलेली पहिली भारतीय महिला पायलट कोण, माहीत आहे का? स्क्वाड्रन लीडर अवनी चतुर्वेदी! २०१६ मध्ये भारताला एकदम तीन महिला फायटर पायलट मिळाल्या, त्यांतली ती एक. याच सरावात दोन्ही देशांचे पायलट एकमेकांच्या विमानांतही बसले.

परदेशी मोहीम म्हणजे फक्त सराव असं समजू नका. १९६१ मध्ये ५ स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा बॉम्बर विमानं संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली थेट काँगोत लढायला गेली होती. आफ्रिकेत, तेही त्या काळात!

पुन्हा सुखोईकडे वळू. नाशिककरांनो, कॉलर टाइट करा! हवाई दलानं आधी घेतलेल्या २७२ सुखोई एमकेआयपैकी २२२ तुमच्या ओझरच्या एचएएलमधून बाहेर पडली. ब्रह्मोस पोटाखाली टांगता यावं म्हणून सुखोईत बदल झाले, तेही ओझरला. क्षेपणास्त्र सुमारे अडीच टनांचं!

आपल्या राफेल लढाऊ विमानांनी तर २०२४ मध्ये कमाल केली. रेड फ्लॅगच्या अलास्कातल्या सरावासाठी पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला आणि परतीच्या वाटेवर ग्रीस आणि इजिप्तच्या हवाई दलांबरोबरही सराव उरकला.

आणि त्याच वर्षी पाहुणे आपल्या दारी आले. तमिळनाडूतलं सुलूर आणि मग जोधपूर, सरावाचं नाव ‘तरंग शक्ती’. हवाई दलप्रमुख होते मूळचे नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी. जर्मनीची युरोफायटर विमानं पहिल्यांदाच भारतात सरावाला उतरली. आणि जोधपूरला काय झालं, माहीत आहे का? लष्कर, नौदल आणि हवाई दल, तिन्हींचे उपप्रमुख स्वदेशी तेजसमध्ये बसले आणि एकत्र उडाले. प्रत्येकाचं तेजस वेगळं!