केस गळतात ते यकृतामुळे?

"डॉक्टरसाहेब, लिव्हर खराब झालं म्हून केस गळून राह्यले का हो?" शेगावकडून आलेल्या एका शेतकऱ्याने विचारले. हातात लिव्हर टॉनिकची बाटली आणि केसवाढीच्या गोळ्या. दोन्ही कुणाला न विचारता घेतलेल्या.

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. सिरॉसिसमध्ये शरीरात प्रथिने व जस्त कमी पडतात, केस विरळ होतात. पण ते हळूहळू, महिनोन्महिने. चार दिवसांत टक्कल पडले तर कारण दुसरे शोधावे लागते.

वाचकांना आठवतच असेल, डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या भागात असेच घडले. आधी डोक्याला खाज, मग केस मुठीने हातात! १८ गावांत २७९ जणांना त्रास झाला. पाणी, बुरशी, शाम्पू, सगळ्यांवर संशय गेला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणी करून फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला: रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम वाढलेले, जस्त घटलेले, आणि रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. गहू धुऊनही ते फारसे उतरले नाही.

सेलेनियम शरीराला लागते, पण दिवसाला फक्त ५५ मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर धोका. असा गहू रोज पाव किलो खाल्ला तर साडेतीन हजारांच्या वर जाते!

येथे यकृताचा संबंध येतो. आतड्यातून आलेले सेलेनियम यकृत हाताळते. हवे तेवढे प्रथिनात गुंफून शरीराला पुरवते, उरलेले लघवीवाटे बाहेर जाईल असे रूप देते. फारच झाले तर श्वासाला लसणासारखा वास येतो. आवक यकृताच्या आवाक्याबाहेर गेली की केस आणि नखे आधी बळी पडतात. म्हणजे दोष यकृताचा नसून ताटाचा.

त्या शेतकऱ्याची यकृत तपासणी ठीक निघाली. गोळ्यांच्या वेष्टनावर मात्र सेलेनियम लिहिलेले होते! त्या मी तत्काळ बंद करायला लावल्या.

तेव्हा लक्षात ठेवा: केस एकाएकी गळू लागले, घरातील दोघा-तिघांचे गळाले, नखे ठिसूळ झाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरातील धान्य फेकू नका. त्याचा नमुना तपासणीसाठी राखून ठेवा, पण खाऊ नका. कारण थांबले की बहुधा केस पुन्हा येतात.