विश्लेषण : टर्बो गाडीसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे? चाकणच्या कोंडीत ते लवकर का थकते?

चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींमध्ये आज टर्बोचार्जर असतो. या मोटारी महामार्गावर वेगाने धावतात आणि पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत तासन् तास रांगतातही. दोन्ही वेळी सर्वाधिक ताण पडतो तो इंजिन ऑइलवर. दुकानात मात्र पाच डबे समोर येतात आणि पाचही डब्यांवर ‘फुल्ली सिंथेटिक’ असेच लिहिलेले असते. त्यातला आपल्या गाडीचा डबा कोणता, हे ओळखायचे कसे?

चाकणच्या मोटारींत टर्बो किती रुळला आहे?

फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयने छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ओळख सामान्य ग्राहकाला करून दिली. आज येथे बनणाऱ्या व्हर्टुस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाक या मोटारींमध्ये १.० किंवा १.५ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असते. १.५ लिटरचे इंजिन १५० पीएस शक्ती देते. महिंद्राच्या चाकण कारखान्यातून २०२१ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ७०० चे दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन २०० पीएसचे आहे. मर्सिडीजने तर नोव्हेंबर २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे ही चाकणमध्येच जुळणी केलेली पहिली एएमजी बाजारात आणली. म्हणजे ‘परफॉर्मन्स’ मोटार आता केवळ परदेशातून मागवायची गोष्ट राहिलेली नाही. तिच्या देखभालीची सवय मात्र अनेकांना अजून जुन्या, साध्या इंजिनाचीच आहे.

टर्बो इंजिनाला ऑइल वेगळे का लागते?

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. अनेक टर्बोंमध्ये हा दांडा धातूवर टेकत नाही, तर ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनातून येणारा सुमारे ९०० अंश सेल्सिअसचा धूर असतो. तेच ऑइल दांड्याला वंगणही देते आणि त्याची उष्णताही वाहून नेते. इंजिन बंद होताच ऑइलचा प्रवाह थांबतो. पण टर्बो तापलेलाच असतो. आत अडकलेले ऑइल तिथे भाजून निघते आणि त्याचा कडक, काळा थर तयार होतो. हा थर वाढत गेला की ऑइलचा मार्ग अरुंद होतो आणि टर्बो निकामी होऊ शकतो. म्हणून उष्णतेत न विघटणारे ऑइल ही टर्बोची मूलभूत गरज आहे.

डब्यावरचे ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-४० हे आकडे काय सांगतात?

‘डब्ल्यू’ हे अक्षर विंटर, म्हणजे थंडीसाठी आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होते. पुण्याचा पारा हिवाळ्यातही क्वचितच पाच-सहा अंशांखाली जातो. त्यामुळे ० आणि ५ यांतला फरक इथे फारसा निर्णायक नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. २० म्हणजे पातळ, ४० म्हणजे त्याहून घट्ट.

तिसरा गुण डब्यावर ठळक छापलेला नसतो. तो म्हणजे १५० अंश तापमानात आणि प्रचंड दाबाखाली ऑइलचा थर किती टिकतो. युरोपीय एसीईए मानकांत ए३/बी४ आणि सी३ या वर्गांसाठी हे मूल्य किमान ३.५ असावे लागते. इंधन वाचवणाऱ्या सी५ वर्गात ते २.६ ते २.९ असते. एखादे इंजिन पातळ ऑइलसाठी बनवलेले असेल, तर त्याचा ऑइल पंप, बेअरिंगमधली फट आणि ऑइलच्या वाटा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. ‘आपल्याकडे ऊन जास्त, घट्टच टाका’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. उलट, घट्ट ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात ०डब्ल्यू-२० टाकणेही तितकेच चुकीचे.

‘फुल्ली सिंथेटिक’ असेल तर पुरेसे नाही का?

नाही. मूळ तेलांचे पाच गट मानले जातात. पहिले दोन गट खनिज तेलाचे. तिसरा गटही कच्च्या तेलापासूनच येतो. मात्र त्यावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया केलेली असते. चौथा गट पूर्णपणे रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या पीएओ तेलांचा, तर पाचव्यात एस्टर आदी येतात. तिसऱ्या गटातल्या तेलालाही बाजारात सर्रास ‘सिंथेटिक’ म्हटले जाते. त्यात फसवणूक नाही, कारण तिसऱ्या गटाचे उत्तम ऑइलही टर्बोसाठी चांगले काम करते. पण तो शब्द एका ठरावीक दर्जाची हमी देत नाही. ऑइलची गुणवत्ता मूळ तेलाइतकीच त्यात मिसळलेल्या रसायनांवरही ठरते.

मग नेमके काय पाहायचे?

वाहन कंपनीच्या मान्यतेचा क्रमांक. फोक्सवॅगन समूहाची ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ०० अशी मानके आहेत, मर्सिडीजची २२९.५, २२९.५२ अशी. हे क्रमांक एकमेकांच्या जागी चालतातच असे नाही. ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० घट्टपणाचे ऑइल जुन्या इंजिनांसाठी नाही. नवे मानक म्हणजे सर्वांसाठी चांगले, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या मोटारीचा क्रमांक मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

डब्यावरची भाषाही नीट वाचावी. ‘अप्रूव्हल’ लिहून क्रमांक दिला असेल, तर वाहन कंपनीने त्या ऑइलला मान्यता दिलेली असते. ‘मीट्स रिक्वायरमेंट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असे असेल, तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. वॉरंटीतल्या मोटारीसाठी हा फरक महत्त्वाचा. इंजिन बिघडल्यावर ऑइल कोणते होते, हा प्रश्न विचारला जातोच. त्यामुळे बिल आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो जपून ठेवावा.

कमी वेगातही इंजिन फुटू शकते, ते कसे?

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक खास धोका असतो. वेग कमी, गिअर वरचा आणि चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की सिलिंडरमध्ये प्रचंड दाब तयार होतो. पिस्टनच्या कडेला साचलेले ऑइल आणि पेट्रोल यांचे थेंब उडून प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेटू शकतात. या एका अकाली स्फोटाने पिस्टन तडकल्याची उदाहरणे आहेत. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त रसायने हा धोका वाढवतात, असे संशोधनात आढळले. म्हणून मे २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपी या अमेरिकी दर्जात याविरुद्धची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी समाविष्ट झाली. मार्च २०२५ पासून त्यापुढचा एसक्यू दर्जाही आला आहे. पुस्तिकेत एपीआय दर्जा मागितला असेल, तर टर्बो पेट्रोल मोटारीत एसएल, एसएम किंवा साध्या एसएन दर्जाचे स्वस्त ऑइल घेणे टाळावे. आणि चढावर गाडी दम तोडू लागली, तर ॲक्सिलरेटर दाबण्याआधी गिअर खाली घ्यावा.

चाकणच्या कोंडीत ऑइल किती किलोमीटरला बदलावे?

बहुतेक कंपन्या १० किंवा १५ हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांतले जे आधी होईल ते सांगतात. पण किलोमीटरचा काटा इंजिन किती तास चालले, हे सांगत नाही. समजा, एक मोटार महामार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरने धावते. १० हजार किलोमीटरला तिचे इंजिन सुमारे १६७ तास चालेल. दुसरी मोटार भोसरी-मोशी-चाकण अशी रोज कोंडीतून जाते आणि तिची सरासरी ताशी १५ किलोमीटर पडते. तेवढ्याच अंतराला तिचे इंजिन सुमारे ६६७ तास चालेल. काटा दोघींचा सारखा, पण दुसरीचे ऑइल चौपट वेळ तापलेले असते.

म्हणूनच पुस्तिकेत कोंडी, धूळ आणि छोटे प्रवास यांचा उल्लेख ‘कठीण वापर’ म्हणून असतो आणि त्यासाठी कमी अंतर सुचवलेले असते. ते पान बहुतेक जण वाचत नाहीत. मोटारीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. तो ताशी २०च्या खाली असेल, तर सर्व्हिस सेंटरला हे सांगून ऑइल लवकर बदलावे.

ई-२० पेट्रोलने काही फरक पडतो का?

इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि थंड इंजिनात त्याची वाफ सहज होत नाही. छोट्या प्रवासात इंजिन पुरेसे तापले नाही, तर न जळलेले इंधन आणि पाणी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढली किंवा पेट्रोलचा वास आला, तर ते याचे लक्षण असू शकते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर मोटार चालवल्यास यातील बराचसा भाग उडून जातो.

‘रेसिंग’ ऑइल किंवा वरून टाकायची रसायने घ्यावीत का?

रोजच्या मोटारीसाठी नको. शर्यतीच्या ऑइलमध्ये झीज रोखणारी जस्त आणि फॉस्फरसयुक्त रसायने जास्त असतात. ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतात. शिवाय हे ऑइल हजारो किलोमीटर टिकण्यासाठी बनवलेले नसते. पिंपरीत बनणाऱ्या हॅरिअर, सफारीसारख्या डिझेल मोटारींत काजळीचा फिल्टर असतो. त्यांना कमी राख देणारे ऑइलच लागते. सी३ वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. इंजिनाचे ट्युनिंग बदलून शक्ती वाढवली असेल, तर मात्र पुस्तिकेचा हिशेब बदलतो आणि वॉरंटीही धोक्यात येते.

खरेदी करताना आणि बदलताना काय लक्षात ठेवावे?

पुस्तिकेतला क्रमांक आणि घट्टपणा मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. डब्याचे सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख तपासावी. ऑइल आपल्यासमोर ओतून घ्यावे आणि रिकाम्या डब्याला छिद्र पाडायला सांगावे, कारण बनावट ऑइल भरायला असेच डबे वापरले जातात. फिल्टरही प्रत्येक वेळी बदलावा. खंडाळ्याचा घाट वेगात चढून लोणावळ्यात चहाला थांबताना इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे.

काढलेले जुने ऑइल गटारात ओतल्यास ते शेवटी पवना किंवा इंद्रायणीतच जाते. कायद्याने ते घातक कचरा आहे. त्याचे संकलन आणि पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते बंद डब्यात भरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.