सात दिवसांचं पिल्लू, चाळीस वर्षांचं संशोधन

नवजात बाळाच्या मेंदूतली धमनी गुठळीने बंद होते तेव्हा बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांत कधीतरी एकाच हाताला किंवा पायाला झटके येऊ लागतात, आणि तोवर घाव नेमका केव्हा बसला हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत ती वेळ मिनिटासकट ठाऊक असते. या क्षेत्रातलं यश आणि अपयश दोन्ही बरंचसं याच फरकातून आलं आहे, असं मला वाटतं.

१९८१ साली राइस, व्हानुची आणि ब्रायर्ली यांनी मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लाची मानेतली एका बाजूची कॅरोटिड धमनी बांधायची, मग त्याला कोमट पाण्यात बुडवलेल्या बरणीत ८ टक्के ऑक्सिजनवर साडेतीन तास ठेवायचं. नुसती धमनी बांधून किंवा नुसता ऑक्सिजन कमी करून सहसा इजा होत नाही; दोन्ही एकत्र आलं की बांधलेल्या बाजूचा मेंदू मरतो. काटेकोर अर्थाने हा स्ट्रोक नव्हे. मेंदूची एकच धमनी अडवण्याचे प्रयोग पिल्लांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्थिरावले, आणि खरी शिकवण तिथे मिळाली. प्रौढ मेंदूत स्ट्रोकनंतर रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा लवकर गळू लागतो. पिल्लात तो पहिल्या दिवशी बराच शाबूत राहतो. मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी काढून टाकल्या तर पिल्लाची इजा कमी होण्याऐवजी वाढली. नवजात मेंदू म्हणजे प्रौढ मेंदूची छोटी आवृत्ती नव्हे, हे माणसाच्या बाळावर तपासणं अशक्यच होतं.

आक्षेप घेणारे म्हणतात, उंदराचा मेंदू गुळगुळीत, त्यातला पांढरा भाग तुटपुंजा, आणि धाग्याने अडवलेली धमनी म्हणजे गुठळी नव्हे. सगळं खरं आहे. पण पिल्लांवर चाललेले उपचार बाळांवर फसले त्याचं मोठं कारण मला दुसरं दिसतं: पिल्लं निरोगी होती, बाळं नव्हती. उदाहरणार्थ, जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार मेंढ्या आणि डुकरांच्या पिल्लांवरून आला आणि श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या हेलिक्स चाचणीत मात्र, जिच्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं, थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात ३१ टक्के. हा निकाल २०२१चा. आधी जंतूंच्या विषाने आजारी केलेल्या पिल्लांना थंडाव्याचा फायदा होत नाही, हे २०१४ सालीच छापून आलं होतं. हेलिक्समधल्या बाळांत सिद्ध झालेला जंतुसंसर्ग फारसा नव्हता, त्यामुळे तेच कारण म्हणता येत नाही. तरी थंडाव्याचा गुण बाळाच्या आधीच्या अवस्थेवर अवलंबून असतो, एवढा इशारा त्या पिल्लांनी दिला होता.

मग प्राणी-प्रयोग थांबवावेत का? नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचं उदाहरण उलट सांगतं. तिथे उंदरांत नाकावाटे मूळपेशी देऊन पाहिल्या, आणि इजेनंतर काही दिवसांनी दिल्या तरी फायदा दिसला. वेळ निसटलेल्या बाळासाठी हाच प्रश्न विचारायला हवा होता. स्ट्रोक झालेल्या १० नवजात बाळांवर हा उपचार झाला, त्याचा निकाल २०२२ साली छापून आला; तो देता येतो आणि गंभीर त्रास झाला नाही, एवढं दिसलं. तुलनेला गट नव्हता, म्हणून गुण आला का, हे त्यातून ठरत नाही.