पहिला अल्बम जपायचा कोणी?

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. याच कारखान्याने पुढे पंडवानी गायिका तीजनबाई यांना नोकरी दिली. सार्वजनिक उद्योगाने कलेला दिलेला तो आधार होता.

आज त्याच वसाहतीतील एखादा तरुण संगणकावर आपला पहिला इलेक्ट्रॉनिक अल्बम घरबसल्या तयार करू शकतो. त्याला ना स्टुडिओ लागतो, ना कंपनी. मात्र चाळीस वर्षांनी तो अल्बम कोठे सापडेल?

या बाबतीत इतिहास आश्वासक नाही. केंद्र सरकारने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली गीता साराभाई यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. काही वर्षांतच तो थंडावला. तेथील ध्वनिफिती संस्थेच्याच संग्रहात दुर्लक्षित राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्यावर २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची कथा फारशी निराळी नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर व तालयंत्रावर दहा राग बसवले. ती तबकडी विस्मरणात गेली. एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले. शिकागोमध्ये जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे साम्य ऐकून जग चकित झाले. दोन्ही वेळा आपला ठेवा आपल्याला परक्यांनी दाखवला.

कारण कायद्यातही आहे. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवावी लागते. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रणे मात्र बाहेरच राहिली. फ्रान्सने १९३८ मध्येच ध्वनिमुद्रणांसाठी राष्ट्रीय संग्रहालय स्थापले होते.

शासनाने कलेची दिशा ठरवू नये, हे प्रशासनात हयात घालवल्यावरही माझे ठाम मत आहे. परंतु नोंद ठेवणे म्हणजे नियंत्रण नव्हे. कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक प्रकाशित ध्वनिमुद्रणाची एक डिजिटल प्रत सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. तीजनबाईंना आधार देणाऱ्या भिलाईतील नवख्या संगीतकाराला शासनाने निदान एवढे तरी द्यावे.